आधीचं काम

माझ्या चपात्या गोल व्हायच्या थांबल्या तो दिवस मला तारखेसकट आठवतो. तेवीस जून दोन हजार एक्केचाळीस, रविवार. एकवीस दिवसांचा निवासी कोर्स संपवून मी आदल्या संध्याकाळी घरी आले होते. तीन आठवडे बाहेरचं खाऊन कंटाळलेल्या दोन माणसांना घरचं जेवण घालावं म्हणून सकाळीच ओट्यापाशी उभी राहिले. अभिनंदन, म्हणजे माझा नवरा, शाळेत भूगोल शिकवतो. त्याने पहिली चपाती हातात उचलून धरली आणि हा ऑस्ट्रेलिया, असं जाहीर केलं. दुसरी त्याच्या मते नॉर्वे होती. आमची चौदा वर्षांची स्वरा हसून लोळायची तेवढी बाकी राहिली. तिसरी लाटताना मात्र मी थांबले. कणीक कुठे दाबायची, चपाती कधी फिरवायची, हे मी आठवून आठवून करत होते, आणि गेली वीस वर्षं मला ते कधीच आठवावं लागलं नव्हतं.

आमटीत मीठ घालतानाही तेच. डब्यात बोटं घातली आणि किती घ्यायचं ते कळेना. थकलीयस तू, असं अभिनंदन म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

मी तेजश्री मगदूम, वय चव्वेचाळीस, राहणार सांगली. अकरा वर्षं तालुक्याच्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. मग आई अंथरुणाला खिळली, स्वरा तीन वर्षांची होती, आणि मी नोकरी सोडली. आई गेली तोवर प्रयोगशाळेत यंत्रं आली होती आणि माझी खुर्ची उरली नव्हती. पुढची सगळी वर्षं घरीच गेली. काम नाही म्हणून कुणी मला टोमणे मारले असं नाही. पण सकाळी दोघं निघून गेल्यावर दार लावताना मला रोज वाटायचं की माझा एक भाग अजून कुठेतरी हजेरी लावायला निघाला आहे आणि मी त्याला आत ओढून घेते आहे. मला कामावर जायचं होतं. बाकी कारणं मी लोकांना सांगत असे, खरं कारण एवढंच होतं.

तीन आठवड्यांत आयटी आणि हमखास नोकरी, अशा जाहिराती तेव्हा गावोगाव लागलेल्या होत्या. माझ्या ओळखीच्या सात बायकांनी असले कोर्स केले होते. कुणी कामाला लागल्या, कुणी दोन महिन्यांत परत आल्या, आणि कुणाचं का जमलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. माझा स्वभाव असा की आकडा दिसला की तो मोजला कसा, ते विचारल्याशिवाय राहवत नाही. नवांकुर केंद्राच्या खिडकीशी मी विचारलं की इथून शिकून गेलेल्यांपैकी वर्षभराने किती जणी कामावर असतात. तिथली मुलगी म्हणाली, नोकरी सगळ्यांना लागते. मी म्हटलं, लागते ते कळलं, टिकते किती जणींची? तिने मला माहितीपत्रक दिलं.

केंद्र एका जुन्या हळदीच्या गोदामात होतं. भिंतींच्या भेगांत अजून पिवळं दिसायचं. पहिल्या दिवशी डॉ. हेर्लेकरांनी आम्हा एकोणीस जणींना सगळं नीट समजावून सांगितलं, आणि मला मान्य केलं पाहिजे की त्यांनी ते फार छान सांगितलं. लहान मुलाच्या मेंदूत पेशींमधल्या जोडण्या पटापट बदलतात. वय वाढतं तशी काही पेशींभोवती साखर आणि प्रथिनांची एक बारीक जाळी विणली जाते. शिकलेलं ती घट्ट धरून ठेवते, म्हणून माणूस सायकल विसरत नाही. आणि ती घट्ट धरते म्हणूनच चाळिशीनंतर नवं काही आत शिरायला वेळ लागतो. हेर्लेकरांनी बनवलेल्या शिरस्त्राणाचं नाव होतं ‘पालवी’. त्यातून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मेंदूतल्या नेमक्या जागी सोडल्या की तिथली जाळी तीन आठवडे सैल पडते. तेवढ्या काळात दोन वर्षांचं शिक्षण आत जातं, मग जाळी आपोआप पुन्हा विणली जाते.

सैल करायची ती नेमकी कोणती जागा, यात त्यांची खरी हुशारी होती. पुन्हा सुरुवात करणाऱ्या माणसाला नवं शिकणं अवघड जात नाही, जुनी सवय आडवी येते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते जुन्या कामाची सवय जिथे रुजलेली असते तीच जागा मोकळी करत. आठवणी जात नाहीत, फक्त हाताला पडलेलं वळण जातं. एकवीस दिवस ते जुनं काम करायचं नाही, म्हणजे विरतं. कोर्स निवासी का, तर याचसाठी. आम्ही आपापसात याला पाटी पुसणं म्हणायचो.

त्यासाठी एक फॉर्म भरायचा होता. ‘आधीचं काम’ या रकान्यात माझ्या हाताने लिहिलं, गृहिणी.

मी मुद्दाम नाही लिहिलं. स्वराच्या शाळेचा फॉर्म, बँकेचा, दवाखान्याचा, अकरा वर्षं त्या रकान्यात मी तोच शब्द लिहीत आले होते. पेन टेकलं की तो आपसूक उमटायचा. माझ्या शेजारी यास्मिन मुजावर बसली होती, मिरजेची. तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘स्टाफ नर्स, ऑपरेशन थिएटर, बारा वर्षे’. ते वाचून मला माझी चूक कळली. पण तोवर फॉर्म गोळा झाले होते. दुसऱ्या दिवशी पालवी डोक्यावर घालून मला पडद्यासमोर बसवलं, आणि पडद्यावर पोळपाट आला. मग कुकर, मग मिठाचा डबा. प्रत्येक वस्तू बघून ते काम मनातल्या मनात करायचं, म्हणजे यंत्राला जागा सापडते. मला हसू आलं. सांगावंसं वाटलं की थांबा, हे माझं आधीचं काम नाही. पण मागे बायकांची रांग होती, तंत्रज्ञ घाईत होता, आणि एवढ्याशा गोष्टीवरून कशाला तमाशा करायचा, असा विचार करून मी मनातल्या मनात चपात्या लाटल्या.

कोर्सच्या शेवटची डेटा तपासनीसाची परीक्षा आम्ही सगळ्या जणी नव्वदच्या वर गुण मिळवून पास झालो. यास्मिन पहिली आली, सत्त्याण्णव. मी तेरावी.

एक जुलैला मी ‘जलवेध’मध्ये रुजू झाले. ही कंपनी कृष्णेच्या पुराचा अंदाज बांधते. कराडपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत नदीकाठी सहाशे चाळीस सेन्सर बसवलेले आहेत, ते दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची कळवतात. अंदाज यंत्र बांधतं, पण यंत्राला दिला जाणारा डेटा रोज माणसाने तपासलाच पाहिजे असा आता कायदा आहे. काम सोपं होतं. यंत्र समोर पाचशे नोंदी मांडतं, त्या आपल्याला शिकवल्याप्रमाणे पारखायच्या आणि सही करायची. तीन महिने उमेदवारी, मग कायम.

दुसऱ्या आठवड्यात रेणुका सावर्डेकर, आमच्या प्रमुख, माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. यंत्राने मांडलेल्या नोंदी न घेता मी रोज आधी सगळा साठा का ढवळते, हे त्यांना हवं होतं. खरंच की, मी तसं करत होते. सगळ्या नोंदी उलटसुलट करायच्या, मगच त्यातल्या पाचशे उचलायच्या. हे कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. उत्तर द्यायच्या आधीच माझ्या उजव्या हाताने टेबलाच्या कडेशी वरखाली, वरखाली अशी हालचाल केली, आणि मग मला कळलं.

दूध कॅनमध्ये उभं राहिलं की साय वर येते. वरून सॅम्पल घेतलं तर फॅट भरपूर लागते आणि ती खोटी असते. म्हणून झाकण उघडायचं, आधी वास घ्यायचा, मग लांब दांडीने तळापासून दहा वेळा ढवळायचं आणि मगच सॅम्पल काढायचं. अकरा वर्षं दिवसाला दीडदोनशे कॅन मी असे ढवळले होते. यंत्र नवे सेन्सर वर मांडत होतं आणि जुने, गाळात रुतलेले, तळाशी पडून होते. ढवळल्यामुळे त्या आठवड्यात मला हरिपूरच्या संगमाजवळचा एक सेन्सर सापडला, जो अकरा दिवस एकच उंची सांगत होता. तसले अजून अडतीस निघाले.

रेणुकाताईंनी ती यादी स्वतः वरपासून खालपर्यंत तपासली. तुमच्या आधी याच कोर्सचे तिघे येऊन गेले, त्या म्हणाल्या, गुण तुमच्याहून चांगले, पण यंत्र दाखवेल तेवढंच बघायचे, आणि तेवढं तर यंत्रच बघतं. तिघांनाही परत पाठवावं लागलं.

घरी येताना मी एवढ्या आनंदात होते की आईची सांडग्यांची आमटी करायचं ठरवलं. स्वरा ती माझ्याच हातची खात आली, पण म्हणते तिला आजीचीच. मुगाचे सांडगे तेलात किती परतायचे, चिंच कधी घालायची, हे आईने मला कधी सांगितलं नव्हतं, मीही कधी लिहून ठेवलं नाही. तिच्या शेजारी उभी राहून ते माझ्या हातात आलं होतं. त्या दिवशी सांडगे करपले. दुसऱ्यांदा कच्चे राहिले. स्वराने एक घास खाल्ला, चमचा ठेवला आणि म्हणाली, “आई, ही आजीची नाही.” मी आत जाऊन रडले. आईचा आवाज माझ्याकडे नाही, तिच्या हातचं म्हणून माझ्याकडे एवढीच एक गोष्ट होती.

रडून झाल्यावर मी एक वही घेतली. प्रयोगशाळेतली सवय, शंका आली की दोन रांगा करायच्या. डावीकडे जे हातातून गेलं ते. चपाती, मिठाचा अंदाज, कुकरच्या शिट्ट्या, चुण्या न पडता साडीची घडी, सांडगे. उजवीकडे जे शाबूत होतं ते. झाकण उघडताच वास, ढवळणं, बाटलीवर आधी नाव आणि मग सॅम्पल, आकडा दोनदा वाचणं. मी दोन्ही रांगा वाचल्या आणि उत्तर समोर होतं. माझी पाटी पुसली होती, पण भलतीच. मी फॉर्मवर जे लिहिलं तेच यंत्राने पुसलं, आणि जे लिहायला विसरले त्यावर माझी नोकरी उभी होती.

मी हे अभिनंदनला सांगितलं. तो त्या दिवसापासून चपात्या लाटायला शिकू लागला, आणि त्याची पहिली तर ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडची होती. पण बाहेर कुणाला काही बोलायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं. कारण फॉर्मच्या तळाशी छापलेलं होतं की माहिती खोटी आढळल्यास प्रमाणपत्र रद्द. आणि प्रमाणपत्राशिवाय कायद्याने तपासनीस होता येत नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला डॉ. हेर्लेकरांचा फोन आला. आमच्या तुकडीतल्या एकोणिसांपैकी अठरा जणी उमेदवारीतून परत आल्या होत्या. आधीच्या तुकड्यांचंही तसंच. नोकरी सगळ्यांना लागत होती, टिकत कुणाची नव्हती, आणि त्यांना याचं कारण सापडत नव्हतं. तुम्ही एकट्याच कशा टिकलात, असं त्यांनी अगदी साध्या कुतूहलाने विचारलं. माझ्या मेंदूचं चित्र घेऊ द्याल का, तुमच्यावर सक्ती नाही, असंही म्हणाले. पुढची तुकडी चौदा ऑक्टोबरला सुरू होणार होती, तीस जणी. मी म्हटलं, विचार करून सांगते. कायम व्हायला माझे सव्वीस दिवस उरले होते.

विचार करायला मी दहा दिवस लावले. मग एका दुपारी यास्मिन घरी आली.

कोर्समध्ये आम्ही एका खोलीत राहिलो होतो, त्यामुळे तिची एक सवय मला माहीत होती. पहिल्या दिवशी ती सारखी मोजायची. चमचे, पायऱ्या, वाळत घातलेले कपडे. ऑपरेशनमध्ये पोट शिवायच्या आधी आत गेलेले गॉजचे तुकडे आणि बाहेर आलेले तुकडे दोनदा मोठ्याने मोजावे लागतात, त्यातलं ते. तिसऱ्या दिवसापासून ती मोजेनाशी झाली होती, आणि मी तेव्हा तिला चिडवलंही होतं.

तिला दोन महिन्यांत कामावरून काढलं होतं. मग ती मिरजेला जुन्या जागी गेली. बारा वर्षं काम केलेली बाई म्हणून त्यांनी आनंदाने थिएटरमध्ये उभं केलं.

“शिवायची वेळ आली,” यास्मिन सांगत होती, “डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मीबी त्यांच्याकडं बघितलं. ते थांबलेत कशाला, मला कळंना. शेजारच्या पोरीनं मोजलं, तेव्हा लक्षात आलं की ते मी म्हणायचं होतं.” तिने पाण्याचा पेला फिरवला. “एक तुकडा कमी होता गं. सापडला, पेशंट बरा हाय. पण मी परत गेले नाही. नवं जमलं नाही, जुनं बी गेलं. वय झालं म्हणायचं, डोकं चालंना.”

तिचं डोकं चालत होतं. ते सत्त्याण्णव गुणांचं डोकं होतं. पण आपणच कमी पडलो, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि घरोघरी अजून सतरा जणींनी तसंच ठरवून टाकलेलं असणार. मी वही आणली आणि तिच्यापुढे ठेवली. दोन्ही रांगा तिने बोट फिरवत वाचल्या. 

“हे तुला कधीपासनं माहीत हाय?”

“जुलैपासून.”

तिने वही मिटली. मला वाटलं, उठून जाईल. तिने जायला हवं होतं, मी असते तर गेले असते. ती म्हणाली, “उद्या मी बरोबर येते. तू एकटी गेलीस तर परत फिरशील.” हे तिने रागाने म्हटलं, आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी हेर्लेकरांच्या टेबलावर मी वही उघडली. त्यांनी दोन्ही रांगा शेवटपर्यंत वाचल्या. मग माझ्या मेंदूचं चित्र काढलं, यास्मिनचं काढलं, आणि दोन्ही शेजारी लावून ते उभेच राहिले. शिकवलेलं दोघींच्या डोक्यात अगदी सारखं होतं, एकाच साच्यातलं. माझ्याकडे त्याच्याखाली जुनं काहीतरी होतं, तिच्याकडे ती जागा रिकामी होती. मी वाट मोकळी करतो आहे असं समजत होतो, ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. तो माणूस वाईट नव्हता. त्याने फक्त आम्हाला कधी विचारलं नव्हतं की तुमची सवय तुम्हाला काय शिकवते.

यास्मिनची सवय परत येईल का, यावर त्यांचं उत्तर होतं, माहीत नाही. जागा पुन्हा सैल करून तेच काम रोज केलं तर कदाचित. आमच्या आधी कुणी ते करून पाहिलेलं नाही.

माझं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात रद्द झालं. नियम होता, आणि खोटं मीच लिहिलं होतं. रेणुकाताईंनी सांगितलं की पुढची तुकडी पूर्ण करून नवं प्रमाणपत्र आणा, तोवर जागा भरत नाही, वरून दबाव आला तर मात्र माझा इलाज नाही. अठ्ठ्याहत्तर दिवसांची नोकरी करून मी घरी आले आणि दार आतून लावलं. फार वाईट वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

पण त्या दिवसांत आमचं स्वयंपाकघर कधी रिकामं राहिलं नाही. यास्मिन संध्याकाळी यायची, टेबलावर गॉजचे चाळीस तुकडे मांडायची आणि मोठ्याने मोजायची. स्वरा एखादा तुकडा गुपचूप लपवायची. पहिले चार दिवस यास्मिनला पत्ताच लागला नाही. पाचव्या दिवशी ती एकोणचाळीसवर थांबली, मान वर न करता हात पुढे केला आणि म्हणाली, “दे इकडं.” स्वराने तुकडा दिला. मी ओट्याशी सांडगे परतत होते, आणि स्वरा मागून सांगत होती की आजीच्या आमटीला याहून थोडा जास्त वास यायचा. तो कसला, ते आम्ही अजून शोधतो आहोत.

चौदा ऑक्टोबरला मी पुन्हा हळदीच्या गोदामात जाऊन बसले. यास्मिन माझ्या मागे होती. फॉर्म नवा होता. हेर्लेकरांनी यंत्र उलटं वापरायचं ठरवलं होतं, जुन्या कामाची जागा हुडकून तिला हात लावायचा नाही, नवं तिच्या शेजारी रुजवायचं. वरती ठळक अक्षरांत लिहिलं होतं की खाली नोंदवलेलं काम जपलं जाईल.

मी पेन टेकलं आणि हात आपसूक ‘गृ’ काढायला निघाला. त्याला थांबवलं. दूध संघ, प्रयोगशाळा, अकरा वर्षे, असं लिहिलं. पूर-डेटा तपासनीस, अठ्ठ्याहत्तर दिवस. मग त्याच्या खाली गृहिणी हेही लिहिलं, या वेळी विचार करून, आणि पुढे कंसात, पुन्हा शिकत आहे.

शेजारी विट्याहून आलेली एक बाई होती, सुवर्णा नावाची, माझ्याच वयाची. तिने रकान्यात ‘काही नाही’ लिहून फॉर्म पुढे सरकवलाही होता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, काही नाही हो, घरीच असते. त्याच्या आधी? आधी होते एसटीच्या डेपोत, गाड्या लावायचे, कुठली गाडी बंद पडली तर कुठली वळवायची ते बघायचे, पण त्याला झाली पंधरा वर्षं. आणि घरी किती माणसं? अकरा.

“ताई,” मी म्हटलं, “इथे लिहाल तेवढंच जपतात. ‘काही नाही’ लिहिलंत तर काही नाहीच जपलं जाईल.”

सुवर्णाने पेन पुन्हा उघडलं. मग तिने फॉर्म परत ओढला, ते दोन शब्द खोडले आणि लिहायला लागली. रकाना भरला, तशी ती समासात वळली. फॉर्म गोळा करणारी मुलगी येऊन उभी राहिली, तेव्हा सुवर्णाने मान वर केली आणि विचारलं की मागच्या बाजूला लिहिलं तर चालेल का.